चिमणी स्वच्छ, तरी वास का?

प्रश्न : आम्ही रबाळे एमआयडीसीजवळ राहतो. एका कारखान्याने चिमणीला ईएसपी (धुरातील धूळ विजेच्या साहाय्याने पकडणारे यंत्र) जोडल्यापासून काळा धूर दिसत नाही, पण रात्री उग्र वास येऊन घसा खवखवतो. यंत्र रात्री बंद ठेवतात, असे शेजारी म्हणतात. ते खरे असेल का?
— एक वाचक, घणसोली

उत्तर : यंत्र व्यवस्थित चालू असतानाही वास येऊ शकतो. ईएसपीमध्ये पोलादी पत्र्यांच्या उभ्या रांगा असतात आणि त्यांच्या मधोमध टांगलेल्या तारांना हजारो व्होल्टचा, बहुधा ऋण, विद्युतदाब दिलेला असतो. त्यामुळे तारांलगतचा वायू आयनित होतो, म्हणजे त्यात विद्युतभार असलेले आयन तयार होतात; ते आयन धुळीच्या कणांना चिकटतात आणि भारित झालेले कण पत्र्यांकडे ओढले जातात. पत्र्यांवर ठरावीक वेळाने हातोडे आपटतात आणि साचलेला थर खाली हॉपरमध्ये, म्हणजे नरसाळ्यासारख्या टाकीत, पडतो. हातोडे फार वेळा आपटले तर धूळ पुन्हा प्रवाहात उडते, आणि फार क्वचित आपटले तर थर जाड होऊन यंत्राची पकड ढिली पडते. त्यामुळे यंत्र बसवण्याइतकीच त्याची रोजची निगाही महत्त्वाची आहे. आपल्याकडील कोळशात गंधक कमी असल्याने त्याची राख वीज सहज वाहू देत नाही व ती पकडणे अधिक कठीण जाते.

मात्र ही सारी किमया कणांपुरतीच आहे. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक कॉट्रेल यांनी 1908 साली या पद्धतीचे पेटंट मिळवले, तेव्हा त्यांनी गंधकाम्लाचे धुके पकडून दाखवले होते. ते पकडता आले, कारण धुके म्हणजे सूक्ष्म थेंब. सल्फर डायऑक्साइडसारखा वायू किंवा द्रावकांची वाफ यांचे रेणू मात्र याच पत्र्यांमधून जवळपास जसेच्या तसे निघून जातात. त्यांच्यासाठी वायू द्रवाने धुऊन काढणारा स्क्रबर किंवा तो शोषून घेणारा सक्रिय कोळशाचा थर असे वेगळे उपाय करावे लागतात. शिवाय रात्री वारा पडला की जमिनीलगतची थंड हवा हलत नाही आणि वास खालीच रेंगाळतो.

म्हणून शेजाऱ्यांची शंका अशी पडताळून पाहा : रात्री पुसून ठेवलेल्या कठड्यावर सकाळी राख दिसली, तर ईएसपीच्या चालण्याबद्दल विचारणे रास्त ठरेल. कठडा स्वच्छ आणि वास मात्र कायम असेल, तर तक्रार वायूची आहे, हे स्पष्ट लिहा. वासाची वेळ व वाऱ्याची दिशा नोंदवून महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे अर्ज करा आणि कारखान्याच्या संमतीपत्रात वायूंसाठी कोणती यंत्रणा सांगितली आहे, याची माहिती त्यातच मागा.