कधी न पाहिलेल्या निवेदकासाठी एवढं रडू का येतं?

तुम्ही विचारलंय की २०२४ मध्ये अमीन सायानी गेले तेव्हा तुमचे बाबा दोन दिवस नीट जेवले नाहीत. ज्याला आयुष्यात एकदाही भेटलो नाही अशा रेडिओवरच्या माणसासाठी एवढं दुःख कसं होतं? मी तुमच्या बाबांना ओळखत नाही. पण बहुतेक त्यांच्याच वयाचा आहे आणि त्या दिवशी मीही रडलो होतो, म्हणून लिहितो.

सायानी गेले २० फेब्रुवारीला, मुंबईत, हृदयविकाराच्या झटक्याने. वय ९१. बातमी माझ्यापर्यंत आली ती दुसऱ्या दिवशी सकाळी, बुधवारी. वार कोणता होता ते तुमच्या बाबांना बरोबर आठवत असेल. सायानींचा हिंदी सिनेगीतांचा कार्यक्रम 'बिनाका गीतमाला' रेडिओ सिलोनवर, म्हणजे आजच्या श्रीलंकेतल्या स्टेशनवर, बुधवारी लागायचा, रात्री आठ ते नऊ. अगदी पहिली लागली ३ डिसेंबर १९५२ ला, तोही बुधवारच.

आमचं घर बार्शीला. पुढे बाबांचं शिलाईचं दुकान, मागे दोन खोल्या. रेडिओ दुकानातल्या फळीवर, आणि जाळीची एरियल या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणलेली. व्हॉल्व्हचा सेट तापायला वेळ लागायचा, म्हणून बाबा तो आधीच लावून ठेवायचे. देशाचं नाव बदललं, स्टेशनचंही बदललं, आमच्याकडे मात्र 'सिलोन लाव' असंच म्हणत. आठ वाजले की बाबा मशीनच्या पॅडलवरून पाय काढायचे. लग्नसराईत ब्लाउजांचा ढीग पडलेला असला तरी काढायचे. काज-बटण करणारा पोरगा सुई कापडात टोचून ठेवायचा. समोरच्या पिठाच्या गिरणीतला माणूस अंगावर पीठ तसंच घेऊन पायरीवर येऊन बसायचा. शॉर्टवेव्हचा आवाज जवळ यायचा, लांब जायचा, मध्येच खरखर. तो लांब गेला की सगळे नकळत रेडिओच्या दिशेने वाकायचे.

आणि मग ते 'बहनो और भाइयो'. माझी ताई तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची. ती म्हणायची, आधी बहिणींना हाक मारणारा हा एकच माणूस आहे. दुकानात सगळे पुरुष असायचे, ती आतल्या दाराच्या चौकटीत वही घेऊन उभी राहायची. पण हाक पहिली तिला.

सायानींचं हिंदी आम्हाला का कळायचं, हे मला फार उशिरा समजलं. घरात हिंदी कोणाला येत नव्हतं. त्यांच्या आई कुलसुम सायानी गांधीजींच्या सांगण्यावरून 'रहबर' नावाचं पाक्षिक काढत, नव्याने लिहा-वाचायला शिकलेल्यांसाठी. मजकूर साध्या हिंदुस्तानीत, छपाई देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत. अमीन लहानपणापासून त्या कामात आईच्या हाताखाली होते. ज्याला कालपरवा अक्षरओळख झाली त्याच्याशी कसं बोलायचं, हे ते घरातच शिकले. शब्द सोपा हवा, पण ऐकणाऱ्याला कमी लेखणारा नको. इंग्रजी-गुजराती वळणाचे उच्चार आहेत म्हणून त्यांना सुरुवातीला आकाशवाणीच्या हिंदी विभागाने नाकारलं होतं, यावर आज विश्वास बसत नाही.

सिलोनच का, हेही सांगायला हवं, नाहीतर एका परक्या बेटाचं स्टेशन बार्शीत कसं पोचलं ते कळणार नाही. १९५२ मध्ये नभोवाणीमंत्री झाले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचे मोठे चाहते. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून हिंदी सिनेमाची गाणी जवळपास हद्दपार झाली. शास्त्रीय संगीताचा त्यांचा आग्रह मला समजतो, पण लोकांच्या तोंडची गाणी काढून घेणं मला कधीच पटलं नाही. लोकांनी काटा फिरवला आणि सिलोनवर नेला. विविध भारती सुरू झाली ती थेट १९५७ मध्ये. तोवर बुधवार सायानींचा झालेला होता. आम्हा पोरांना वाटायचं की ते सिलोनमध्येच बसून बोलतात. खरं तर ते मुंबईत ध्वनिमुद्रण करायचे आणि टेप विमानाने कोलंबोला जायच्या.

ते काम त्यांच्याकडे आलं कारण ते नवखे होते. लिहायचं, सादर करायचं, पत्रं तपासायची, सगळं एकट्याने, आठवड्याला २५ रुपयांत. मोठ्या निवेदकांपैकी कोणी तयार नव्हतं. सुरुवातीला सात गाणी वाजवून श्रोत्यांना त्यांचा क्रम लावायला सांगत. पाहता पाहता आठवड्याची पत्रं ६५ हजारांवर गेली, ती मोजणं अशक्य झालं, आणि मग रेकॉर्डची विक्री आणि श्रोतासंघांची पसंती पाहून गाणी क्रमाने लावायची पद्धत आली. त्यातून आले ते 'पायदान', म्हणजे क्रमांकांच्या पायऱ्या. स्पर्धेतलं गाणं सायानींच्या तोंडी जिना चढायचं आणि उतरायचं. उतरणाऱ्या गाण्याबद्दलही ते वाईट बोलत नसत.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. त्या बुधवारी पंतप्रधानांपासून सगळ्यांनी शोक व्यक्त केला, पेपरांत लेख आले. पण मला आठवतो तो आमच्या शाळेच्या वर्गमित्रांचा ग्रुप. एरवी तिथे फक्त सुप्रभात चालतं. त्या दिवशी एकाने सायानींच्या आवाजाची क्लिप टाकली, आणि खाली जो तो आपल्या घरातला रेडिओ कुठे ठेवलेला होता ते लिहू लागला. कोणाचा देवळीत, कोणाचा धान्याच्या कोठीवर, कोणाचा शेजाऱ्यांकडे, खिडकीतून ऐकायचा. एकाने लिहिलं, आमच्याकडे नव्हता, मी तुमच्या दुकानाच्या पायरीवर बसायचो. मला हे माहीतच नव्हतं. पन्नास वर्षांनी कळलं.

तुमचे बाबा एकट्या सायानींसाठी रडले नसतील. त्यांच्या खोलीतही तेव्हा माणसं असतील, आणि त्यातली बरीचशी आता नसतील. तो आवाज होता तोवर ती खोली कुठेतरी शाबूत होती. आम्ही सायानींना म्हातारं होताना पाहिलं नाही, त्यामुळे ते जाणार आहेत याची मनाने तयारीच केली नव्हती. तुमच्या बाबांजवळ बसा आणि रेडिओ कुठे होता ते विचारा. पुढचं ते आपणहून सांगतील.

त्या रात्री आठ वाजता मी ताईला फोन केला. ती आता सोलापूरला असते. तिने वही जपून ठेवलीय, निळ्या पुठ्ठ्याची, पानापानावर एकेका बुधवारच्या सोळा गाण्यांच्या सोळा ओळी. तिने एक पान वाचायला घेतलं. सोळावं, पंधरावं, चौदावं, खाली आठव्यापर्यंत आली आणि थांबली. सातव्यापासून पुढे कोरं आहे, म्हणाली. बाजूला बाबांच्या अक्षरात, कापडावर खुणा करायच्या पेन्सिलीने लिहिलंय: 'लाइट गेली.'

बराच वेळ दोघंही गप्प होतो. मग ती म्हणाली, "सातव्यावर कोणतं असेल रे?"