‘बापाचंच डोकं घेतलंय’

चौथीतल्या मुलाला घेऊन आई-वडील आले होते (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). आईचा सरळ प्रश्न : “ह्याचे बाबा दहावीला दोनदा नापास. बुद्धी रक्तातूनच येते ना? मग क्लासला पैसे घालून काय उपयोग?” वडील गॅरेज चालवतात; ते गप्पच होते. सोबत बोटांच्या ठशांवरून काढलेला ‘जन्मजात बुद्धी’चा रंगीत अहवाल. ठशांवरून बुद्धी कळते याला शास्त्रीय आधार नाही, म्हणून तो बाजूला ठेवला.

बुद्धीत आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. एकत्र वाढलेल्या एकसारख्या जुळ्यांच्या (यांची जनुकं जवळजवळ तीच असतात) बुद्ध्यंकांत सहसंबंध, म्हणजे आकडे किती जुळतात याचं माप (१ म्हणजे पूर्ण जुळणी), सुमारे ०.८६, तर वेगळ्या दिसणाऱ्या जुळ्यांत (यांची जनुकं सख्ख्या भावंडांइतकीच जुळतात) ०.६० आढळतो. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या जुळ्यांच्या एका मोठ्या अभ्यासात हा वाटा नवव्या वर्षी ४१ टक्के, तर सतराव्या वर्षी ६६ टक्के निघाला. पण हा आकडा गटाचा. मुलामुलांत जो फरक दिसतो त्यातला तेवढा भाग जनुकांतल्या फरकांमुळे, इतकंच तो सांगतो. या मुलाची ४१ टक्के बुद्धी घराण्याची, असं त्यातून निघत नाही. शिवाय बुद्धीचं असं एक जनुक नसतं. हजारो जनुकं थोडाथोडा हातभार लावतात आणि प्रत्येक अपत्यात ती नव्याने पिसली जातात. सख्खी भावंडंही म्हणूनच वेगळी निघतात.

तेव्हा आधी तपासण्या. डोळे, कान ठीक. हिमोग्लोबिन ९.८, या वयात ११.५ च्या खाली म्हणजे रक्तक्षय, आणि त्याने लक्ष टिकत नाही. बालरोगतज्ज्ञांनी लोह सुरू केलं. मालिन यांच्या भारतीय मुलांसाठीच्या बुद्ध्यंक चाचणीत कृतीच्या भागात ११४, तोंडी भागात ९६ (सरासरी १००). बुद्धीत काही कमी नाही! वाचन मात्र दुसरीच्या पातळीवर : जोडाक्षरं गाळणं, ओळ सुटणं, ‘प’ आणि ‘ष’ यांत गोंधळ. निदान झालं अध्ययन अक्षमतेचं, म्हणजे बुद्धी ठीक असूनही वाचन-लेखनात येणाऱ्या अडचणीचं.

इथे वडील बोलले. फळ्यावरचं उतरवायला त्यांनाही वेळ लागायचा, तोंडी हिशेब मात्र झटपट. वाचनातली ही अडचण घराण्यात उतरते, हे पक्कं माहीत आहे. मुलाने बापाकडून काही घेतलं असेल तर बहुधा तेच; त्यांची चाचणी झालेली नाही, त्यामुळे ठामपणे म्हणता येत नाही.

क्लास बंद करून विशेष शिक्षिकेकडे आठवड्यातून तीन तास ठरले. घरी रोज वीस मिनिटं : पाच जोडाक्षरं मोठ्याने फोडून वाचायची (‘पुस्तक’ : पु-स्-त-क), मग एक परिच्छेद बोट ठेवून. चुकलं की शब्द आपण सांगायचा, रागवायचं नाही. सक्तीने पानंच्या पानं लिहून घेण्याने हात दुखतो, वाचन सुधारत नाही. परीक्षेत जादा वेळेसाठी अधिकृत शासकीय रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं; त्याची फाइल आत्ताच सुरू करायला सांगितलं. बुद्ध्यंक चाचणी वर्षभर पुन्हा करायची नाही, कारण प्रश्न ओळखीचे झाले की आकडा फुगतो.