शाळेतील परिचारिका आणि मुलांचा आरोग्य विमा

प्रश्न : मी अमेरिकेत एका प्राथमिक शाळेत परिचारिका आहे. दम्याचा त्रास असलेला एक विद्यार्थी वारंवार माझ्याकडे येतो. वडिलांची नोकरी गेल्यापासून विमा नाही आणि इनहेलरही संपत आला आहे, असे त्याची आई सांगते. या कुटुंबाला विम्याबाबत मदत करणे माझ्या कामात बसते का?

उत्तर : निश्चितच बसते. औषधाअभावी मुलाला पुन्हा पुन्हा धाप लागणार असेल, तर विम्यासाठी केलेली खटपट हा त्याच्या उपचाराचाच भाग आहे. सरकारी कार्यालयात जायला संकोचणारी आई आपल्याशी मुलाच्या तब्येतीबद्दल मोकळेपणाने बोलते, म्हणून सुरुवात आपणच करावी. मात्र उत्पन्न किती, असे थेट न विचारता पुढचा इनहेलर कसा घेणार, एवढेच विचारावे.

कमी उत्पन्न असलेल्यांसाठीची 'मेडिकेड' ही सरकारी आरोग्य विमा योजना १९६५ पासून आहे, आणि तिच्या उत्पन्नमर्यादेपेक्षा थोडे अधिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलांसाठी १९९७ मध्ये 'चिप' ही योजना सुरू झाली. तरीही अनेक पालक अर्जच करत नाहीत. घरात कोणी कमावते असेल किंवा आईवडील स्वतः पात्र नसतील, तर मूलही पात्र नाही, असे त्यांना वाटते, आणि हे दोन्ही समज चुकीचे आहेत. अर्जाची मुदत संपली असेल ही भीतीही निराधार आहे, कारण या दोन्ही योजनांसाठी वर्षभरात केव्हाही अर्ज करता येतो. राज्याराज्यांत नावे बदलतात, जसे न्यू जर्सीत 'एनजे फॅमिलीकेअर', जॉर्जियात 'पीचकेअर फॉर किड्स'. आपल्या राज्यातील नाव आईला कागदावर लिहून द्यावे.

माझ्या मते नूतनीकरणाकडे सर्वाधिक लक्ष द्यायला हवे. जानेवारी २०२४ पासून या योजनांतील मुलांचे विमा संरक्षण एकदा मंजूर झाले की मध्येच उत्पन्न वाढले तरी सलग बारा महिने टिकते, पण त्यानंतर पात्रता पुन्हा तपासली जाते. घर बदललेल्या कुटुंबाचे पत्र जुन्या पत्त्यावर जाते आणि पात्र मुलाचाही विमा बंद पडतो. दरवर्षी आरोग्याचा फॉर्म भरून घेताना 'विमा कार्यालयाला नवा पत्ता कळवला का?' हा प्रश्न अवश्य विचारावा.

पात्रतेची हमी मात्र आपण देऊ नये. तो निर्णय राज्याचा असतो. अर्ज भरण्यासाठी प्रशिक्षित साहाय्यक सामुदायिक आरोग्य केंद्रांत भेटतात. तेथे उत्पन्नानुसार शुल्कात सवलतही असते, त्यामुळे मंजुरीची वाट न पाहता इनहेलरसाठी आईला याच आठवड्यात तेथे पाठवावे.