पदे वाढवली तरी टेलरचे उत्तर बिघडत जाते, असे का?

तुम्ही लॉग (१ + क्ष) ची टेलर बहुपदी (म्हणजे फलनाच्या जागी क्ष च्या वाढत्या घातांची बेरीज) शून्यापाशी काढलीत, त्यात क्ष = २ घातलेत, आणि पदे वाढवाल तसे उत्तर भरकटत गेले. आकडेमोड चुकली का, असे विचारताय. चुकलेली नाही. क्ष − क्ष²/२ + क्ष³/३ − … मध्ये २ घातले की एकेका पदानंतरची बेरीज २, ०, २.६७, −१.३३, ५.०७, −५.६ अशी येते. ३ चा नैसर्गिक लॉग मात्र १.०९८६ आहे.

वर २ चे घात दुप्पट होत जातात आणि खाली नुसते १, २, ३, ४. साइनच्या श्रेणीत खाली फॅक्टोरिअल (१ × २ × ३ × … असे झपाट्याने वाढणारे गुणाकार) असतात, म्हणून ती कुठल्याही क्ष ला शेवटी ठिकाणावर येते. ०.५ रेडियनला तर दोनच पदांत ०.४७९१७ मिळते, खरे ०.४७९४३.

पण खरे कारण दोन कडे नाहीच, ते उलट्या बाजूला आहे. क्ष = −१ ला लॉग शून्याचा होतो आणि फलनच कोसळते. ती जागा शून्यापासून १ अंतरावर. श्रेणी शून्याच्या दोन्ही बाजूंना सारख्याच अंतरापर्यंत चालते; म्हणून डावीकडे १ वर अडले, की उजवीकडेही १ च्या पुढे श्रेणीचा भरवसा संपतो. याहून गंमत १/(१ + क्ष²) ची: आलेख सगळीकडे गुळगुळीत, तरी श्रेणी १ पलीकडे मोडतेच. तिथे अडचण वास्तव रेषेवर नसून संमिश्र प्रतलात (जिथे √−१ असलेल्या संख्याही मांडता येतात) √−१ पाशी लपलेली असते. पहिल्या वर्षाला हे सहसा सांगत नाहीत, आणि मग श्रेणी १ पलीकडे चालत नाही हा नियम मुले नुसता पाठ करतात.

उपाय म्हणजे पदे वाढवण्याऐवजी क्ष लहान करणे. टेलरचे पुस्तक १७१५ चे; त्याच्या कितीतरी आधी, चौदाव्या शतकात, केरळच्या माधव या गणितज्ञाला हे उमगले होते. आर्कटॅनच्या (टॅनवरून कोन देणाऱ्या फलनाच्या) श्रेणीत १ घातला तर पाय (π) गोगलगायीसारखा सरकतो, म्हणून त्याने १/√३ घेतला आणि ३.१४१५९२६५३५९ पर्यंत पोचला.

तुमच्या ३ साठी लॉग ((१ + ट)/(१ − ट)) = २(ट + ट³/३ + ट⁵/५ + …) वापरा. ट = १/२ ठेवले की कंसात बरोबर ३ येतो. चार पदांत १.०९८१, पाचव्याला १.०९८५.