पुरवठा साखळीच्या शाश्वततेवर संशोधन करण्यासारखे अजून काही उरले आहे का?

पुरवठा साखळ्या, म्हणजे कच्च्या मालापासून ग्राहकापर्यंत माल पोहोचवणाऱ्या कंपन्यांच्या साखळ्या, पर्यावरण आणि कामगार या दोन्ही दृष्टींनी शाश्वत कशा कराव्यात यावर एवढे लिहून झालेले असताना नव्या संशोधकाने पीएच.डी.साठी हा विषय घ्यावा का, आणि घेतल्यास सुरुवात कुठून करावी, असे आपण विचारले आहे. या विषयावर मी काही वर्षे काम करत आहे. विषय अवश्य घ्यावा असे माझे मत आहे. मात्र आजवरचे बहुतेक संशोधन ज्या बाजूने झाले, त्याच बाजूने ते पुन्हा करू नये.

ती बाजू खरेदीदार कंपनीची आहे. स्टेफान झॉयरिंग आणि मार्टिन म्युलर यांनी २००८ साली १९१ शोधनिबंधांचा आढावा घेतला, तेव्हा पर्यावरणावर भरपूर आणि सामाजिक बाजूवर फारच थोडे लिहिले गेल्याचे त्यांना दिसले. पुढे २०१४ मध्ये मार्क पेगेल आणि अँटन शेवचेन्को यांनी अधिक मूलभूत आक्षेप घेतला. कंपनीचा नफा गृहीत धरून 'हानी थोडी कमी कशी करता येईल' एवढेच हे संशोधन विचारते आणि साखळीतील इतरांचे म्हणणे त्यात येतच नाही, असा त्यांचा रोख होता. मला तो आजही पटतो.

कारखान्यांच्या तपासणीचेच उदाहरण पाहा. पुरवठादारासाठी आचारसंहिता ठरवायची, तपासनीस पाठवायचा आणि गुण द्यायचे, हा सर्वांत रूढ उपाय. रिचर्ड लॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नायकीच्या शेकडो पुरवठादार कारखान्यांच्या तपासणीची आकडेवारी अभ्यासली, तेव्हा केवळ तपासणीने परिस्थिती फारशी सुधारत नाही असे आढळले. कामाचे नियोजन आणि दर्जा सुधारण्यासाठी मदत मिळाली तेथे सुधारणा अधिक होती. जोडी शॉर्ट, मायकेल टॉफेल आणि अँड्रिया ह्युगिल यांनी २०१६ मध्ये जवळपास १७ हजार तपासण्यांवरून दाखवले की किती त्रुटी नोंदल्या जातील हे तपासनिसांचे प्रशिक्षण, पथकात स्त्रिया आहेत की नाहीत आणि तपासणीचा खर्च कोण देतो यांवरही अवलंबून असते. म्हणजे अहवालातला आकडा कारखान्याबद्दल जेवढे सांगतो, तेवढेच तपासणाऱ्याबद्दलही सांगतो. २४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशात राणा प्लाझा ही इमारत कोसळून ११०० हून अधिक माणसे मेली. तिच्यातील काही कारखान्यांची तपासणी आधी झालेली होती, पण इमारतीच्या बांधकामाची मजबुती पाहणे त्या तपासणीच्या कक्षेत नव्हते. या विषयाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने ही गोष्ट कायम लक्षात ठेवावी असे मला मनापासून वाटते.

कर्ब उत्सर्जनाच्या मोजणीतही असाच पेच आहे. साखळीतील अप्रत्यक्ष उत्सर्जनासाठी २०११ साली आलेल्या स्कोप ३ मानकात १५ प्रवर्ग आहेत आणि खरेदी केलेला माल हा त्यांतला एक मोठा प्रवर्ग. पुरवठादाराकडून प्रत्यक्ष मोजमाप मिळत नाही, म्हणून अनेक कंपन्या खरेदीच्या रकमेला त्या उद्योगाच्या सरासरी गुणकाने, म्हणजे खर्च झालेल्या दर रुपयामागे सरासरी किती उत्सर्जन होते त्या आकड्याने, गुणतात. अशा हिशेबात एखाद्या पुरवठादाराने भट्टी बदलून उत्सर्जन खरोखर घटवले आणि त्या खर्चापोटी दर वाढवला, तर खरेदीदाराच्या अहवालात उत्सर्जन वाढलेले दिसते. चांगले काम करणाऱ्यालाच शिक्षा करणारी ही पद्धत सुधारणे हा संपूर्ण प्रबंधाचा विषय होऊ शकतो.

माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित प्रश्न मात्र खरेदीदाराच्या स्वतःच्या वागण्याचा आहे. मुदत ऐन वेळी अलीकडे आणायची, मागणीत शेवटच्या आठवड्यात बदल करायचा, दर दरवर्षी कमी करून मागायचा आणि त्याच वेळी जादा तास नकोत असे लेखी कळवायचे, हे सगळे एकाच कंपनीतून होत असते. फक्त विभाग वेगळे असतात. अशा दबावाखाली पुरवठादार काम खालच्या पातळीवरच्या, कोणत्याही यादीत नसलेल्या कारखान्याकडे सोपवतो आणि आपले संशोधन बहुधा त्याच्या अलीकडेच थांबते. कंपनीचा शाश्वतता अहवाल वाचून हे कधीच कळणार नाही.

म्हणून आपण एकच कच्चा माल किंवा एकच सुटा भाग निवडावा आणि त्याचा माग निदान तिसऱ्या पातळीपर्यंत, म्हणजे पुरवठादाराच्या पुरवठादाराला माल देणाऱ्यापर्यंत, काढावा. कंपन्यांना प्रश्नावली पाठवून 'आपण पर्यावरणपूरक धोरण राबवता का' असे विचारण्यात वेळ घालवू नये. त्याला उत्तर होकारार्थीच येते. त्याऐवजी मूळ मागणीपत्रे, त्यांत नंतर झालेले बदल आणि माल पाठवल्याच्या तारखा मिळवाव्यात, आणि त्याच आठवड्यांच्या हजेरीपटाशी व वीजबिलाशी त्या ताडून पाहाव्यात, म्हणजे खरेदीदाराच्या बदलांचा कामाच्या तासांवर आणि ऊर्जेच्या वापरावर काय परिणाम झाला ते दिसेल. ही कागदपत्रे सहज मिळत नाहीत. पुरवठादाराचा विश्वास बसायला वर्षभरही लागू शकते. त्यामुळे त्याचे नाव उघड होणार नाही याची लेखी हमी पहिल्या भेटीतच द्यावी आणि प्रबंधाच्या वेळापत्रकात हा काळ आधीपासून धरून ठेवावा.