खोलीभर बसवलेल्या गालिच्याला लाटा का पडतात?

दोन वर्षांपूर्वी भिंतीपासून भिंतीपर्यंत बसवलेला गालिचा मधोमध फुगला आहे, तर तो बदलावा लागेल का, असे आपण विचारले आहे. मी हे गालिचे बसवण्याचे काम करतो. माझ्या अनुभवात अशा गालिच्यांपैकी बहुतेक पुन्हा ताणून सरळ होतात.

दोष बहुधा पहिल्याच दिवसाचा असतो. भिंतीलगत तिरप्या खिळ्यांच्या लाकडी पट्ट्या ठोकतात आणि गालिचा ताणून त्यांत अडकवतात. हा ताण लांबीरुंदीच्या साधारण 1 ते 1.5 टक्के, म्हणजे 4 मीटरच्या खोलीत 4 ते 6 सेंटिमीटर असावा लागतो. तो देण्यासाठी समोरच्या भिंतीला टेकवून लांब दांड्याने गालिचा ओढणारे यंत्र लागते. परंतु घाईत असलेला कारागीर गुडघ्याने धक्का देण्याच्या छोट्या अवजारावरच भागवतो. ते कोपऱ्यापुरते ठीक आहे, पण सगळी खोली त्याने ताणली जात नाही. पुढे दमट हवेत गालिच्याच्या पाठीच्या दोन थरांना जोडणारे लेटेक्स, म्हणजे रबरासारखा चिकट पदार्थ, सैलावते, गालिचा किंचित पसरतो आणि पसरायला जागा नसल्यामुळे वर उचलला जातो. दोष मात्र हवामानावर येतो. खालचे अस्तर फार जाड किंवा मऊ असेल, अथवा जड कपाट न उचलता ओढत नेले असेल, तरीही हेच होते.

नुकताच गालिचा धुतला असेल, तर तो पूर्ण वाळेपर्यंत थांबा, कारण अशा लाटा पुष्कळदा आपोआप बसतात. तसे झाले नाही, तर फार दिवस ढकलू नका: लाटेच्या माथ्यावरच पाय पडत राहतो, तिथले तंतू झिजतात आणि ताणल्यानंतरही रेघ दिसत राहते. शिवाय पाय अडखळतो तो वेगळाच. लाटेवर सोफा ठेवून ती दबत नाही, शेजारी सरकते. स्वतः कापून चिकटवणे तर टाळाच.

कारागीर बोलावल्यास खोली रिकामी करून द्या आणि यंत्र आणणार आहात ना, हे आधीच विचारा. काम झाल्यावर खोलीच्या मध्यभागी गालिचा चिमटीत धरून उचला व सोडा; तो चटकन जमिनीला बसला पाहिजे. पाठीचे थरच सुटले असतील, तर मात्र ताणून उपयोग नाही. जमिनीला थेट डिंकाने चिकटवलेल्या गालिच्याचे फुगेही ताणून जात नाहीत. तिथे फरशीतला ओलावा आधी तपासावा लागतो.