डाउन सिंड्रोम असलेल्या २२ वर्षांच्या मुलाचं वजन वाढतंय. पुण्यात राहतो, व्यायाम कसा सुरू करावा?

आधी रक्तातलं टीएसएच (थायरॉइड ग्रंथीचं काम दाखवणारी चाचणी) तपासा. डाउन सिंड्रोममध्ये थायरॉइड मंदावणं बरंच आढळतं आणि त्यावर औषध नसेल तर चालूनही वजन सहजासहजी हटत नाही. हृदयाचा जन्मजात दोष असेल तर डॉक्टरांना विचारूनच पुढे जा.

मानेचे वरचे दोन मणके सैल असू शकतात, म्हणून कोलांटउडी आणि शीर्षासन नकोच. चाल अचानक बदलली, मान दुखू लागली किंवा लघवीवरचा ताबा सुटला तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

पर्वतीच्या पायऱ्या सुरुवातीला नकोत. सांधे ढिले असल्याने उतरताना गुडघे-घोट्यांवर ताण येतो. सारसबागेत सपाट वाटेवर १० मिनिटं चालवा, दर आठवड्याला ५ मिनिटं वाढवत ३० पर्यंत न्या, आठवड्यातून ५ दिवस. स्मार्ट घड्याळावर दिसणाऱ्या हृदयाच्या ठोक्यांच्या मागे लागू नका, या मुलांचे कमाल ठोके मुळात कमी असतात. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, एवढा वेग पुरे.

सूचना एका वेळी एकच द्या, आणि स्वतः करून दाखवा. बहुतेक घरांत गाडी अडते ती बक्षिसावर: फेरी झाली की वडापाव! त्याऐवजी आवडतं गाणं लावा.